अमिराती प्राध्यापक नुसती खुर्ची उबवतात?

आखातातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो : ‘यूएईत (संयुक्त अरब अमिरातीत) स्थानिकांना प्राध्यापकी पासपोर्टवर मिळते. ते खुर्ची उबवतात, शिकवतो बाहेरचा. देशच त्यांचा, त्यांना कसली चिंता?’

पासपोर्टचं आधी बघू. भरतीत नागरिकांना प्राधान्य आहे, हे खरं. पण प्राधान्य म्हणजे पदवीतून सूट नव्हे. देश १९७१चा, अल ऐनमधलं पहिलं विद्यापीठ १९७६चं. डॉक्टरेटसाठी तिथल्या मुलामुलींना बहुधा अमेरिका, ब्रिटनसारखे देश गाठावे लागले. राज्यशास्त्राचे निवृत्त अमिराती प्राध्यापक अब्दुलखालिक अब्दुल्ला यांची पीएचडी जॉर्जटाउनची आहे. राखीव जागेवर आलेल्या प्राध्यापकांना आपल्याकडच्या स्टाफरूममध्ये हाच टोमणा ऐकावा लागतो, म्हणून मला त्याची जास्त चीड येते.

अध्यापकांत परदेशी जास्त आहेत, कारण लोकसंख्येतच नागरिक जेमतेम दहा-बारा टक्के. पण त्यामुळे स्थानिकांचं काम कमी होत नाही, वाढतं. माझ्या परिचयाच्या एका अमिराती प्राध्यापिका सकाळचे तास आटोपून समितीच्या बैठकीला जातात. परततात तेव्हा दाराशी विद्यार्थिनी थांबलेल्या असतात. परदेशी शिकायला जायचंय, वडिलांना कसं समजवायचं, हे त्या मुली दुसऱ्या कुणाला विचारणार? करार संपून एखादा सहकारी गेला, की त्याचे अर्धवट राहिलेले प्रबंधही बाईंच्याच टेबलावर येतात. बढतीच्या वेळी अशा कामाला फारसं वजन नसतं.

आणि चिंता? हायर कॉलेजेस ऑफ टेक्नॉलॉजी (१९८८) आणि झायेद विद्यापीठ (१९९८) यांचं अध्यापन मुख्यतः इंग्रजीतून चालतं. समोर मुलं अरबी, शिकवणारी अरबी, आणि तास इंग्रजीत! स्वतःच्या समाजावर अरबीत लिहावं तर ते घरी वाचलं जातं, पण जागतिक क्रमवारीत वजन पडतं ते इंग्रजी नियतकालिकांचं. अशी घुसमट फक्त यूएईतच आहे असंही नाही. कतार विद्यापीठात २०१२ साली कायदा, व्यवसाय व्यवस्थापन असे विषय पुन्हा अरबीत आणले गेले. शिवाय परिषदेत ओळख करून देताना ‘अमिराती’ आधी येतं, विषयातलं काम मागाहून. आपल्याच विद्यापीठात अल्पसंख्य असण्याचा हा ताण आपण बाहेरून आलेल्यांनी तरी ओळखायला हवा.

आपली असुरक्षितताही खोटी नाही. दर दोन-तीन वर्षांनी करार वाढेल का, या धास्तीत माणूस मुलांच्या शाळेचंही धड ठरवू शकत नाही. त्याबद्दल जरूर बोला, कराराच्या अटींवर बोला. शेजारच्या केबिनमधल्या बाईंच्या हातात त्या नूतनीकरणाची सही नसते.