उपाशीपोटीची वेळ कोणाला विचारून ठरवली?

आज दुपारी आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात आढावा बैठक झाली. चहा येण्याआधी हजेरीची वही आली, आम्ही आपापल्या नावांसमोर सह्या केल्या, आणि मी सहज पान उलटून पाहिले तर बैठकीचा वृत्तांत कन्नडमध्ये आधीच लिहून तयार होता. शाळेत शिकलेल्या कन्नडवर मला एवढे कळले की आम्ही सर्वांनी काहीतरी एकमताने मंजूर केले आहे. काय मंजूर केले, असे विचारल्यावर ‘ते नेहमीचेच आहे हो’ एवढेच उत्तर मिळाले.

त्या क्षणी मला मावशी आठवली. ती कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील आमच्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील एका वाडीत राहते आणि तिला बरीच वर्षे साखर आहे. आमच्या केंद्रात उपाशीपोटीचे रक्त बुधवारी सकाळी दहापर्यंतच घेतात. तिच्या वाडीकडून येणारी पहिली गाडी मात्र पावणेअकराला पोहोचते. गेल्या महिन्यात ती पदरात नाचण्याची भाकरी बांधून, तोंडात पाण्याचा थेंबही न घालता आली आणि ‘आता पुढच्या बुधवारी या’ हे ऐकून बाहेरच्या कट्ट्यावर बसली. भाकरी सोडताना तिचे हात थरथरत होते. ‘खाल्लं तर तपासत न्हाईत, आणि न्हाई खाल्लं तर चक्कर येते, काय करू गा?’ असे तिने मला विचारले, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ही वेळ ठरवताना त्या गाडीने येणाऱ्या एकाही बाईला विचारले असते, तर अर्ध्या मिनिटात चूक कळली असती. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये आले, तेव्हापासून गावागावांत आरोग्य समित्या कागदावर आहेत. २००७ मध्ये गावकऱ्यांनीच आरोग्यसेवेवर देखरेख ठेवावी असा प्रयोग ज्या नऊ राज्यांत सुरू झाला, त्यांत कर्नाटकही होते आणि महाराष्ट्रही. म्हणजे विचारायचे कसे, हे सरकारला ठाऊक नाही असे म्हणण्याची सोय नाही.

डॉक्टर एकटे आहेत, परिचारिकांवर कामाचा डोंगर आहे, आणि ग्रामसभेला बोलावले तर आपलीच माणसे येत नाहीत, हे मान्य. आली तरी निम्मा वेळ सीमाप्रश्नावर जातो, हेही मान्य. पण ज्या सभेत बोललेले वहीत उतरत नाही, तिथे माणसे मजुरी बुडवून कशाला येतील?

भाषेचा मुद्दा काढला की लगेच राजकारण म्हणतात. जिथे भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक असतील, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे संरक्षण देशाने मान्य केले आहे, आणि खानापुरात मराठी माणसे १५ टक्क्यांहून कितीतरी जास्त आहेत. कारभार कन्नडमध्ये चालवा, माझी तक्रार नाही. पण ‘दहापर्यंतच’ हा दारावरचा एक शब्द मावशीला वाचता आला असता, तर ती निदान उपाशी तरी राहिली नसती.

आणि पलीकडचेही तेच! २०२३ मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले, इकडे त्यावर आरडाओरड झाली, आणि दोन्हीकडचे नेते आमच्या वतीने बोलत राहिले. तुम्हाला नेमके काय हवे आहे, असे माझ्या ओळखीतल्या एकालाही कोणी विचारले नाही. माझ्या मावशीला विचारले असते तर तिने योजनेचे नावही घेतले नसते. तिने गाडीची वेळ सांगितली असती.

एवढे लिहून राग थोडा उतरला आहे. आज वही पुढे करणारी आशा कार्यकर्ती आमच्याच गल्लीतली आहे. ती काय करणार बिचारी, तिच्याकडेही वरून तयार मजकूरच येतो. संध्याकाळी तिने स्वतःहून घरी येऊन विचारले, ‘अण्णा, पुढच्या बैठकीत गाडीचं मांडायचं का?’ मी हो म्हणालो. वृत्तांत आधी लिहायचा नाही, एवढी अट मात्र घातली.

तोवर मंगळवारी रात्री मावशी आमच्याकडे मुक्कामाला येणार आहे. तिच्याच गाडीने येणाऱ्या बाकीच्या बायकांना या गावात भाचा नाही.