वाडा जपा म्हणताय, पण पैसे कोण देणार?

२०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोचा दर्जा मिळाला, इथे जर्मनीत आम्ही मराठी लोकांनी पेढे वाटले. पण पुण्यातले जुने वाडे पाडण्यावरून फेसबुकच्या ग्रुपवर जी भांडणं चालतात ती वाचून वाईट वाटतं. एक गट म्हणतो वारसा आहे, हात लावू नका, दुसरा म्हणतो त्या गळक्या छपराखाली आधी राहून दाखवा. मला दुसऱ्या गटाचं जास्त पटतं आणि हे मी रेगेन्सबुर्गमधून लिहितेय, जिथे अख्खं जुनं गाव २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

इथला डॅन्यूब नदीवरचा दगडी पूल ११३५ ते ११४६ मधला. १९९७ ला त्यावरून खासगी गाड्या बंद केल्या, २००८ ला बसपण, मग २०१० पासून तब्बल ८ वर्षं दुरुस्ती. पुलापाशी सॉसेज भाजणारं जुनं हॉटेल, वर कॅथेड्रल, जवळच रोमन छावणीचा दरवाजा, तो तर नंतरच्या इमारतीच्या भिंतीतच मुरलाय. पण मला सगळ्यात आवडतो तो गोल्डनर टुर्म. मध्ययुगात श्रीमंत व्यापारी आपला रुबाब दाखवायला असे उंच मनोरे बांधायचे, हा साधारण ५० मीटरचा, आणि आज त्यात कॉलेजची पोरं भाड्याने राहतात!

गाव असं जपलं जातं, कारण त्यात माणसं राहतात आणि मालकाला सरकारची साथ आहे. जाच नाही असं अजिबात नाही हां. ऑफिसमधल्या एकीला जुन्या घराच्या खिडक्या बदलायच्या होत्या, प्लास्टिकच्या नाहीत चालणार, लाकडीच हव्यात, तावदानांची विभागणीही आधीसारखीच, आणि परवानगीसाठी महिनोन्महिने थांबा. बायर्नचा, म्हणजे आमच्या या बव्हेरिया राज्याचा, वारसा कायदा १९७३ चा आहे, कडक आहे. पण अशा घरात मालक स्वतः राहत असेल तर मंजूर दुरुस्तीच्या खर्चातले दरवर्षी ९ टक्के, असं १० वर्षं करपात्र उत्पन्नातून वजा करता येतात. म्हणजे नियम लावला तर भारही थोडा उचलला.

आपल्याकडे विश्रामबागवाडा महापालिकेच्या ताब्यात आहे, त्याचं बरं. पेठेतल्या साध्या वाड्याच्या मालकाने काय करायचं? जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात कौलं पण बदलून होत नाहीत, भाडेकरूंनाही धड संडास-बाथरूम हवंय, मग बिल्डर दारात आला की सही होणारच. त्या मालकाला फेसबुकवर शिव्या घालणाऱ्यांनी नगरसेवकाकडे मिळकतकरात सूट मागावी, खासदाराकडे दुरुस्तीच्या खर्चावर आयकर सवलत मागावी. मी सही करायला तयार आहे, अर्ज कुणीतरी लिहा.