मधल्या पायरीवरचा नेमबाज

पिस्तूल चालवायला शिकवणारे लोक दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांवर मनापासून प्रेम करतात. एक, ज्याने पिस्तूल आजवर हातातही धरलेले नाही. आणि दुसरा, ज्याच्या गळ्यात आज ना उद्या पदक पडण्याची चिन्हे आहेत. पहिल्याची प्रगती तासाभरात दिसते, तर दुसऱ्याची वर्तमानपत्रात छापून येते. या दोघांच्या मधोमध, दहा मीटरवरून इमानेइतबारे आठ गुण मिळवणारा आणि नवाच्या वर्तुळाकडे आशाळभूतपणे पाहणारा जो भला मोठा वर्ग आहे, त्याला मात्र कोणी वाली नाही. मी त्या वर्गाचा निष्ठावंत सभासद आहे आणि ‘याच्या पुढचे’ शिकवणारा कोणी भेटतो का, या शोधात मी जेवढी वणवण केली, तेवढा वेळ सरावाला दिला असता तर कदाचित शोधाची गरजच उरली नसती, असे घरच्यांचे मत आहे.

प्राथमिक वर्ग मी रीतसर पूर्ण केलेला आहे. प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे असे समजावे, जिकडे मारायचे नाही तिकडे नळी वळवू नये, नेम धरून होईपर्यंत बोट ट्रिगरवर ठेवू नये आणि टार्गेटच्या मागे काय आहे याची खात्री करून घ्यावी, हे नियम मला झोपेतून उठवून विचारले तरी म्हणता येतात. ते पुनःपुन्हा ऐकायला माझी काहीच हरकत नाही. ते जन्मभर ऐकावेत असेच आहेत. हरकत आहे ती त्यानंतरच्या भागाला. नियम संपले की गुरुजी पिस्तूल उचलून ‘ही नळी, ही मूठ’ असे सांगू लागतात आणि आपण पुन्हा एकदा पहिल्या इयत्तेत जाऊन बसतो.

एका ठिकाणी ‘प्रगत प्रशिक्षण’ अशी ठळक पाटी होती, म्हणून मी मोठ्या आशेने फोन केला.

“प्रगत वर्गात नेमके काय शिकवता?”

“सगळेच शिकवतो.”

“सगळे म्हणजे?”

“अगदी पहिल्यापासून.”

दुसऱ्या एका ठिकाणी प्रगत वर्ग खरोखरच वेगळा निघाला. तिथे पहिल्या दिवशी प्रवेश अर्जाबरोबर उपकरणांची एक यादी हातात ठेवण्यात आली. तळहाताच्या मापाने कोरलेली लाकडी मूठ, एका डोळ्यावर झाकण आणि दुसऱ्यासमोर छोटी फिरती भिंग असलेला चष्मा, सपाट तळव्याचे बूट. ही सगळी सामग्री निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण उत्तम नेमबाज ती वापरतात. पण माझे आठ गुण बुटांमुळे अडले आहेत, हे निदान माझे पिस्तूलही न पाहता करणाऱ्या माणसाची चपळाई मला अधिक थक्क करून गेली. पुढे २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेच यांनी साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक मिळवले, तेव्हा सल्ल्याचे वारे एकदम उलटे वाहू लागले. आता प्रत्येक परिचित मला ‘काही विकत घेऊ नका, फक्त हात खिशात घाला’ असे बजावू लागला. रिकामा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवणे ही पिस्तूल नेमबाजांची जुनीच सवय आहे आणि हे गृहस्थ २००८ पासून ऑलिंपिकमध्ये उतरत आले आहेत, हे सांगून पाहिले. परंतु खिशाइतका स्वस्त उपाय हाताशी असताना अनुभवाचा महागडा मुद्दा कोण ऐकून घेणार?

प्रशिक्षक मिळेना, तेव्हा रेंजवरच्या फुकट सल्ल्यावर दिवस काढणे भाग होते. नेमबाजीच्या रेंजवर गुरूंची टंचाई असली तरी मार्गदर्शकांचा सुकाळ असतो. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एक वर्तुळाकार तक्ता असतो, ज्यात नेम कोणत्या दिशेने चुकला यावरून नेमबाजाचा दोष ओळखता येतो. नेम डावीकडे खाली गेला तर ट्रिगरला हिसका बसला, उजवीकडे गेला तर अंगठ्याचा दाब वाढला, सरळ खाली गेला तर मनगट वाकले. हा तक्ता फक्त उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांसाठी आहे आणि डावखुऱ्यांनी तो आरशात पाहावा लागतो, ही गोष्ट एका डावखुऱ्या गृहस्थांना बऱ्याच उशिरा कळली. तोवर ते सल्ल्याबरहुकूम स्वतःचा नसलेला दोष सुधारत होते. माझी पंचाईत निराळी होती. माझी छिद्रे तक्त्याच्या सगळ्या भागांत समान न्यायाने वाटलेली असल्यामुळे माझ्यात सगळेच दोष आहेत आणि ते एकमेकांना सांभाळून घेत आहेत, असा निष्कर्ष निघाला.

इतके सगळे कशासाठी, असे वाचणाऱ्याला वाटेल, म्हणून अडचण नेमकी कुठे आहे ते सांगतो. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाच्या, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या पिस्तुलाच्या, टार्गेटवर दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे असते आणि त्यात ४.५ मिलिमीटरचे पेलेट, म्हणजे छर्रा, बसवायचे असते, तेही एका हाताने, कुठेही टेकू न घेता. नियमाप्रमाणे पिस्तूल दीड किलोपर्यंत चालते आणि ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागतो. म्हणजे एकाच मुठीत राहणाऱ्या पाच बोटांपैकी एकाने अर्ध्या किलोचे काम करायचे आणि उरलेल्या चौघांना त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. त्यातून पुढची साइट आणि मागची साइट, म्हणजे नेम जुळवण्यासाठी पिस्तुलावर असलेल्या दोन खुणा, यांच्यात समजा ३२ सेंटिमीटर अंतर असेल, तर त्यांच्या आपसातल्या जुळणीत एका मिलिमीटरचा फरक पडला की पेलेट टार्गेटवर सुमारे ३१ मिलिमीटर भलतीकडे जाते. मधोमध रोखलेला नेम थेट सातच्या काठावर जाऊन टेकतो. याउलट साइट जुळलेल्या राहिल्या आणि अख्खा हातच एक मिलिमीटर सरकला, तर पेलेटही तेवढेच सरकते. थोडक्यात, हाताचे हलणे चालते, मनगटाचे चालत नाही. म्हणूनच नजर पुढच्या साइटवर ठेवायची आणि ज्याला मारायचे ते टार्गेट धूसर दिसू द्यायचे असते. ही गोष्ट ऐकताना पटते, पण आयत्या वेळी डोळा बरोबर काळ्या वर्तुळाकडे पळतो. हे सगळे मला पुस्तकी पातळीवर ठाऊक होते. प्रत्यक्ष ट्रिगर सुटताना माझे त्यातले काय बिघडते, ते मला आतून दिसत नव्हते. ते बाहेरून पाहणारा माणूस मला हवा होता.

घरात मात्र ही मागणी चैनीची ठरली. कोणीतरी हंगेरीच्या कारोली ताकाच यांची गोष्ट वाचली होती. १९३८ साली हातबाँबच्या स्फोटात या लष्करी नेमबाजाचा उजवा हात निकामी झाला, त्यांनी गुपचूप डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ व १९५२ अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. “त्यांना कोण कोच शोधून द्यायला गेले होते?” हा प्रश्न त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात ऐकू येत होता. माझे दोन्ही हात शाबूत आहेत, ही माझी बाजू लंगडी करणारी गोष्ट होती.

अखेर मी फोनवर फी, वेळ, प्रमाणपत्र यांची चौकशी सोडून एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: “मी नेम धरतो तेव्हा तुम्ही कुठे पाहता?” बहुतेकांना हा प्रश्नच विचित्र वाटला. “अर्थात टार्गेटकडे,” असे उत्तर आले की मी आभार मानून फोन ठेवत असे. टार्गेटकडे पाहून ‘आठ’ म्हणणे मला स्वतःलाही जमते. एक सर मात्र क्षणभर थांबून म्हणाले, “तुमच्या बोटाकडे. नंतर तुमच्या डोळ्यांकडे. टार्गेट पाहायला मशीन आहे.” मी त्याच फोनवर नाव नोंदवले.

सरांनी पहिल्याच दिवशी टार्गेटचा कागद उलटा लावून पांढरी बाजू समोर केली, कारण वर्तुळच नसेल तर त्याच्याकडे पळायला डोळ्याला निमित्त उरत नाही. मग पिस्तूल ते स्वतः भरून देऊ लागले. कधी पेलेट घालत, कधी नुसतेच बंद करून हातात ठेवत, आणि काय केले ते सांगत नसत. एअर पिस्तुलाला धक्का असा जवळपास नसतोच. तरीही रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर सुटला त्याच क्षणी माझ्या पिस्तुलाची नळी एखाद्या आदबशीर पाहुण्यासारखी हलकेच खाली झुकली. सरांनी टार्गेटकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते फक्त म्हणाले, “मनगट आधीच नमस्कार करते आहे.” तक्तेवाल्या मंडळींपैकी कोणालाही जे दिसले नव्हते, ते त्यांना एका रिकाम्या ‘टक्’ आवाजात दिसले.

तेव्हापासून मला स्कोअर पाहायला बंदी आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा पडदा प्रत्येक फटक्याचे गुण १०.९ पर्यंत दशांशात सांगतो आणि तोच माणसाला बिघडवतो, असे सरांचे मत असल्यामुळे माझ्या लेनमधल्या पडद्यावर त्यांनी माझाच टॉवेल टाकून ठेवला आहे. पहिल्यापेक्षा जास्त पैसे भरून मी आता पहिल्यापेक्षा कमी माहिती घेऊन घरी परततो, आणि “आज किती?” या प्रश्नाला “सरांना विचारा” असे उत्तर देतो, जे कोणालाही समाधानकारक वाटत नाही. शेजारच्या लेनमधले गृहस्थ मात्र मी पिस्तूल खाली ठेवले की टॉवेलची कड उचलून आत डोकावतात आणि गंभीरपणे मान हलवतात. ती मान उभी हलते की आडवी, तेही पाहायचे नाही, असा सरांचा सक्त आदेश आहे.