गाण्याचे ९०० रुपये : तुमच्या एक स्टारला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू सोमवारी रात्रीच वाचला. तेव्हाच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण डोकं तापलेलं होतं म्हणून खोडलं, आज जरा निवांत लिहितेय. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून सांगते, तुम्ही म्हणताय की वडिलांना स्ट्रोकनंतर बोलता येईना म्हणून स्पीच थेरपीला आणलं तर इथे म्युझिक थेरपी म्हणून एक बाई टेबलावर हात आपटून गाणी म्हणायला लावते, त्याचे ९०० रुपये वेगळे, ती बाई मुळात गाण्याची टीचर, भिंतीवर रागांनी आजार बरे होतात असं पोस्टर, शेजारच्या खोलीत ढोलकी, आणि शेवटी "क्लिनिक चालवताय का भजनी मंडळ".

तुमच्या वडिलांच्या ट्रीटमेंटबद्दल मी इथे चारचौघांत एक शब्द लिहिणार नाही. तुम्ही लिहिलंत तो तुमचा हक्क, मला मात्र तो नाही. त्यामुळे खाली जे लिहितेय ते सगळ्याच पेशंटना लागू होणारं आहे.

आधी जिथे तुमचं बरोबर आहे ते. पोस्टर. ते डिझायनरकडून तयार होऊन आलं, त्यावर अमुक रागाने बीपी उतरतं, तमुक रागाने शुगर कमी होते असलं छापलेलं, आणि उद्घाटनाच्या गडबडीत मी न वाचता लावायला सांगितलं. मी स्वतः फिजिओ आहे, २२ वर्षं झाली या धंद्यात, मला लाज वाटायला हवी होती आणि वाटली. मंगळवारी सकाळी काढलं. बिलाचंही तुमचं बरोबर. रिसेप्शनला १० सेशनचं पॅकेज आपोआप बिलात चढत होतं, घरच्यांना न विचारता. ही सरळ सरळ आमची चूक, सिस्टीमवर ढकलत नाही. आता पहिलं सेशन हे फक्त बघण्याचं असतं, त्याचे पैसे नाहीत, त्यात म्युझिक थेरपीचा या माणसाला उपयोग होईल असं वाटलं तरच पुढचं, आणि काय साधायचंय ते कागदावर लिहून, सही घेऊन. ८ सेशननंतर फरक नसेल तर आम्हीच बंद करतो. ढोलकी म्हणाल तर ती लहान मुलांच्या ग्रुपची, मधलं पार्टिशन प्लायचं आहे, आवाज आरपार जातो, ज्याला एक शब्द आठवायला पूर्ण जोर लावावा लागतोय त्याच्या कानाशी ढोलकी म्हणजे छळच. ग्रुप आता शनिवारी सकाळी घेतो, त्या वेळात स्पीचची अपॉइंटमेंट देत नाही.

आता जे पटलं नाही ते. "हात आपटून गाणी." सर, ती गाणी नव्हेत.

बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचं काम डावी बाजू बघते. तिथे स्ट्रोक झाला की काही जणांचं असं होतं की समोरचा काय म्हणतो ते बरंचसं कळतं, पण स्वतःचा शब्द ओठापर्यंत येऊन अडकतो. आणि तोच माणूस घरात गणपतीची आरती सुरू झाली की सगळ्यांबरोबर कडवीच्या कडवी म्हणतो, घरचे रडायला लागतात, आणि आरती संपली की चहा पाहिजे एवढंही सांगता येत नाही. आमच्या स्पीच थेरपिस्ट हे वर्षानुवर्षं बघत आल्यात, म्युझिक थेरपी सुरू करायचा हट्ट त्यांचाच होता, माझा नाही, मला तर आधी हे फॅडच वाटलं होतं. याच गोष्टीवरून बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी १९७३ मध्ये मेलोडिक इंटोनेशन थेरपी नावाची पद्धत मांडली. करायचं काय, तर थेरपिस्ट समोर बसते, पेशंटचा डावा हात आपल्या हातात घेते, आणि "पाणी हवं" हे साधं वाक्य दोनच सुरांत, एक वरचा एक खालचा, आधी नुसतं गुणगुणते, प्रत्येक अक्षराला त्याच्या हाताने टेबलावर एक थाप. मग दोघं मिळून म्हणतात. मग ती अर्ध्यावर गप्प होते आणि बाकीचं त्याने पूर्ण करायचं. मग तो एकटा. मग ती विचारते "काय हवं?" आणि त्याने उत्तर द्यायचं. हे जमायला लागलं की सूर हळूहळू काढून घ्यायचा, शेवटी साधं बोलणं उरलं पाहिजे. बाहेरच्या बाकावरून ऐकलं तर वीस मिनिटं एकच ओळ घोकतायत असंच वाटणार, त्यात तुमची चूक नाही, आत बसवून समजावलं नाही ही आमची. हे नेमकं सुरामुळे होतं, लयीमुळे होतं की उजवा मेंदू मदतीला येतो म्हणून, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. आणि सगळ्यांना चालतही नाही, ज्यांना समोरच्याचं बोलणंच नीट कळत नाही त्यांना आम्ही नाहीच म्हणतो.

भजनी मंडळाचं म्हणाल तर टाळ आमच्याकडे खरंच आहेत, दोन जोड, फिजिओच्या हॉलमध्ये. पार्किन्सन्सच्या किंवा स्ट्रोकच्या पेशंटला ठरावीक ठेक्यावर चालवलं की पाऊल सुधारतं, यावर अमेरिकेत १९९० च्या दशकापासून काम झालंय. आधी तो मिनिटाला किती पावलं टाकतो ते मोजायचं, ठेका तेवढाच ठेवायचा, जमलं की ५ ते १० टक्के वाढवायचा. तिकडे मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून ठेका देणारं यंत्र, लावतात. आपल्याकडे आयुष्यभर दिंडीत पावली खेळलेली माणसं येतात, त्यांच्या पायाला टाळ लवकर कळतो (हे माझं निरीक्षण, रिसर्च नव्हे).

आणि म्युझिक थेरपिस्टबद्दल. ती संगीत विशारद आहे हे खरं, नुसतं विशारद असून कुणी थेरपिस्ट होत नाही हेही खरं, म्हणून तिने नंतर म्युझिक थेरपीचा पीजी डिप्लोमा केलाय. तरी आरसीआयमध्ये, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेत, स्पीच थेरपिस्टची नोंदणी असते तशी म्युझिक थेरपिस्टची वेगळी कॅटेगरी नाही, त्यामुळे उद्या कुणीही कीबोर्ड घेऊन बोर्ड लावू शकतो, तुमची शंका रास्तच आहे. आमच्याकडे स्ट्रोकचा पेशंट ती एकटी बघत नाही, काय साधायचं ते स्पीच थेरपिस्ट ठरवतात आणि सेशनला बसतात.

ऑटिझमच्या मुलांचे पालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी पण एक. २०१७ मध्ये जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये मोठा ट्रायल आला, ९ देशांतली ३६४ मुलं, पाच महिने, आणि मुख्य लक्षणांच्या स्कोअरमध्ये म्युझिक थेरपीने म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मुलं रमतात, काही जण नजरेला नजर देऊ लागतात, घरच्यांना बरं वाटतं, पण "ऑटिझम जाईल" असं आमच्या कुणी सांगितलं तर थेट मला फोन करा.

सर, तुम्हाला न विचारता लावलेल्या सेशनचे पैसे रिसेप्शनला तयार ठेवलेत, पावती नसली तरी चालेल. रिव्ह्यू बदला असं म्हणणार नाही. पण गुरुवारी चारनंतर जमलं तर या, स्पीच थेरपिस्ट आणि मी दोघी असू, एक सेशन आत बसून बघा आणि जे विचारायचंय ते विचारा. ढोलकी नसेल.