बिबट्या उसात दिसला म्हणजे जंगल मजेत आहे असं नाही

गळीत हंगाम आला की आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरतो. बिबटे आता उसात पण जगतात, म्हणजे जंगल तुटलं तरी या प्राण्यांचं काही बिघडत नाही, आणि जास्त झालेत ते पकडून चांदोलीच्या जंगलात सोडा, विषय संपला. यातलं एकही पटणारं नाही.

बिबट्या जगतो कारण त्याला काहीही चालतं. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात त्याची विष्ठा तपासून अभ्यास झाला तर खाण्यात वजनानं ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. वर त्याला लपायला ऊस आहेच की. पण म्हणून सगळेच शिकारी तसे असतात होय? कोळसुंदं म्हणजे रानकुत्री बघा, दिवसाढवळ्या कळपानं सांबराच्या मागं लागून शिकार करणारी, त्यांना उसाच्या फडाचा काय उपयोग? जगात प्रौढ कोळसुंदं अडीच हजाराच्या आत उरलीत असा अंदाज आहे आणि त्यातली काही आपल्या राधानगरीच्या रानात आहेत ही केवढी मोठी गोष्ट आहे! रानाच्या कडेनं फार्महाऊस, रिसॉर्ट वाढले की मागोमाग गावकुत्री आत शिरतात, सावज पळवतात आणि रेबीज, डिस्टेंपर असले कुत्र्यांचे जीवघेणे रोग पण घेऊन जातात. गीरमध्ये २०१८ ला डिस्टेंपरनं सिंह मेले, आपल्याकडं तसं व्हायची वाट बघायची का?

वाघाचं तर अजून अवघड. राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला वाघ पुढं २०२३ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात (चांदोली त्यातच येतं) दिसला, म्हणजे तिलारी, चंदगड, आजरा, राधानगरी, चांदोली हा सगळा पट्टा त्याला सलग लागतो. मधे खाण आली, रस्ता रुंद झाला, की प्रकल्प कागदावर कितीही मोठा असू दे, दक्षिणेकडनं नवीन वाघ येणार कुठनं?

आता 'पकडून सोडा'. हे जुन्नरला करून झालंय. २००१ पासून बिबटे पकडून लांब जंगलात सोडले तर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. अनोळखी रानात आधीच दुसरे बिबटे असतात, मग हा भटकतो, गावात शिरतो. माळशेज घाटात सोडलेला एक नर तर सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईजवळच्या जंगलात पोचला होता. आणि ऊसतोडीत पिल्लं सापडली तर उचलून गावात आणू नका, फोटोसाठी गर्दी करू नका, वनखात्याला फोन करा. पिल्लं तिथंच सुरक्षित ठेवली तर आई बहुतेक वेळा रात्रीत येऊन घेऊन जाते.