खुलासा : थ्री-फेज मोटरचा करंट नुसता 415 ने भागून निघत नाही

"वॉटला 415 ने (म्हणजे व्होल्टेजने) भागा, अँपिअर मिळतील" हा मेसेज वायरमन मंडळींच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. 20 एचपीची, म्हणजे 15 किलोवॉटची मोटर घ्या. मेसेजप्रमाणे 36 अँपिअर येतात. खरा हिशेब असा: 15000 भागिले (1.732 × 415 × पॉवर फॅक्टर 0.85 × कार्यक्षमता 0.9), म्हणजे साधारण 27 अँपिअर. यातला 1.732 म्हणजे 3 चं वर्गमूळ, थ्री-फेजमुळे येतं; पॉवर फॅक्टर म्हणजे व्होल्टेज × करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा. नेमप्लेटवरही आकडा याच्याच आसपास असतो. ओव्हरलोड रिले (करंट जादा झाला की मोटर बंद करणारा) 36 वर ठेवला तर जादा लोड आल्यावर मोटर तापत राहते, ट्रिप होत नाही आणि वाइंडिंग जळू शकतं. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणारा) रिले मेन लाइनऐवजी वाइंडिंगच्या फेजच्या वाटेत असेल तर सेटिंग 27 च्याही 58 टक्के, सुमारे 16. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका; ज्यांना आधीच पाठवला असेल त्यांना हा हिशेब कळवा.