लाल बोया कुठल्या हाताला?

बोट घेतली की माणूस कप्तान होतो, ही अफवा बोटी विकणाऱ्यांनी उठवलेली आहे. माझी ‘शांतादुर्गा’ सत्तावीस फुटी, शिडाची, सेकंडहँड. कागदोपत्री मालक मी. प्रत्यक्षात तिच्यावर हुकूम चालतो तो भरती-ओहोटीचा, न्यूयॉर्क बंदरातल्या झाडून सगळ्या मोठ्या जहाजांचा आणि सध्या सहा महिन्यांसाठी आलेल्या सासऱ्यांचा. सासरे उभी हयात मुंबई बंदरात नोकरी करून निवृत्त झालेत. पाणी दिसलं की त्यांचा आवाज चढतो.

बेत असा होता, की न्यू जर्सीच्या अटलांटिक हायलँड्सहून पहाटे निघायचं, व्हेराझॅनो पुलाखालून बंदरात शिरायचं आणि हडसनमधून वर नायॅकला जायचं. हडसन म्हणायला नदी. समुद्राची भरती तिच्यात पार ट्रॉयच्या धरणापर्यंत, जवळजवळ अडीचशे किलोमीटर आत चढते. मॅनहटनच्या टोकाला वेळेवर पोचलात तर भरती तुम्हाला फुकटात वर नेऊन सोडते. उशीर केलात तर ओहोटी तितक्याच आपुलकीने समुद्राकडे परत पाठवते. हे मी आदल्या रात्री तक्ता उघडून समजावलं होतं. सकाळी सासऱ्यांची अंघोळ झाली, पूजा झाली, मग पोहे झाले. पोह्यांवर खोबरं नव्हतं म्हणून ते खवून झालं. भरती तोवर आमच्याशिवाय निघाली.

जहाजांच्या वाटेची कड दाखवणारा पहिला तरंगता लाल बोया दिसताच सासरे उठून उभे राहिले. “जावईबापू, लाल डावीकडे घ्या!”

“बाबा, इथे बंदरात येताना लाल उजवीकडे असतो.”

“चाळीस वर्षं मी लाल डावीकडे बघतोय.”

दोघांचंही खरं होतं. बोयांच्या रंगांवरून जगात दोन तट आहेत. दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये बंदरात शिरताना लाल उजव्या हाताला, भारतासह बाकीच्या जगात डाव्या. पण तत्त्वाचा प्रश्न होता. सुकाणू माझ्या हातात, सासऱ्यांचा हात सुकाणूवर आणि बायको दोघांच्या मध्ये. बोट बिचारी एकदा भारतीय नियमाने जाई, एकदा अमेरिकन. तेवढ्यात मागून पाच भोंगे झाले. वळून बघतो तर मालाचे डबे रचलेलं, आख्खी चाळ मावेल एवढं जहाज. नियमात या पाच आखूड भोंग्यांचा अर्थ दिलेला आहे: तुमचा इरादा कळत नाही. इरादा आम्हालाही कळत नव्हता, त्यावर चर्चा चालू होती. शिडाच्या बोटीला सगळे वाट देतात, हा गोड समज अरुंद खाडीत चालत नाही. तिथे जहाजाच्या वाटेत यायचं नाही म्हणजे नाही. मी रेडिओवर पद्धतीप्रमाणे बोटीचं नाव तीनदा घेतलं. सासऱ्यांनी सवयीने हात जोडले.

व्हेराझॅनो पूल 1964 सालचा, पाण्यापासून 228 फूट उंच. आमची डोलकाठी चाळीसही भरत नाही. तरी खालून बघताना ती आता आपटणारच असं वाटतं, आणि आकडे पाठ असलेला मीसुद्धा मान खाली घालतो. बायको तर खालीच बसली. सासऱ्यांनी टोपी काढून हातात घेतली, तेवढीच उंची कमी.

आत बंदरात नारिंगी स्टेटन आयलंड फेरी दिमाखात आडवी गेली.

“हिचं तिकीट किती?”

“फुकट असते, बाबा.”

“फुकट?” त्यांनी माझ्याकडे, मग बोटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं. बोटीच्या धक्क्याचं भाडं किती पडतं, हे तिला ठाऊक आहे.

लिबर्टीचा पुतळा गेला म्हणतात. मी पाहिला नाही, चहूकडून येणाऱ्या फेरीबोटी बघत होतो. बायकोच्या फोटोंत मात्र पुतळा आहे, आणि कोपऱ्यात तोंड उघडं टाकलेला मी.

मॅनहटनच्या टोकाला पोचलो तेव्हा भरती संपत आली होती. निम्म्या वाटेत वारा पडला आणि ओहोटी लागली. इंजिन पाचच्या वेगाने ढकलतंय, नदी दोनने मागे ओढतेय, आणि जॉर्ज वॉशिंग्टन पूल जागचा हलत नाहीये. काठावरच्या रस्त्याने धावणारे पुढे गेले, त्याचं काही वाटलं नाही. मग एक आजी बाबागाडी ढकलत आली, आमच्या बरोबरीने थोडं चालली, नातवाला बोट दाखवली आणि पुढे निघून गेली. सासरे म्हणाले, “तिलाच विचारा, दोर बांधू देते का.”

1609 साली हेन्री हडसन याच नदीतून आशियाची वाट शोधत वर गेला आणि आल्बनीच्या आसपास पाणी उथळ झाल्यावर माघारी फिरला. त्याला निदान पोहे आडवे आले नव्हते.

नायॅक राहिलंच. पुलाच्या पुढे, नदीकाठच्या पॅलिसेड्सच्या कड्याखाली अंधार पडता पडता नांगर टाकला. सासऱ्यांनी लगेच दादरच्या मित्राला फोन लावला. तिकडे पहाट होती, पण मित्रही बंदरातलाच.

“बोट सुखरूप आणली रे. हो, मीच! पण इथे सगळे बोये उलटे लावलेत. जावयाला सांगितलंय, उद्या ऑफिस उघडलं की लेखी कळवा म्हणून.”